ओल्या चादरीखालचा पैलवान

“घर तुम्ही जाळलंत,” सुरी म्हणाली आणि वीज कार्यालयाच्या साहेबाची कॉलर धरून तिने त्याला जिन्यातल्या जळक्या मीटरपेटीवर दाबलं. पेटीचं पत्र्याचं झाकण आगीत वाकून बाहेर आलं होतं, ते त्याच्या पाठीत रुतलं. “वास घ्या. नीट घ्या. महिनाभर हाच वास येत होता इथे. तेव्हा काय, सर्दी झाली होती तुम्हाला?”

साहेब चवड्यांवर उभा होता. सोबत आलेले दोन वायरमन चार पायऱ्या खाली थांबून आपापल्या बुटांकडे बघत होते. पेटी गुणगुणतेय, वास मारतेय, अशी तक्रार गेल्यावर हेच दोघे आले होते. उघड्या जोडावर काळी पट्टी गुंडाळून, चहा पिऊन गेले होते. पट्टी जळाली, जिना जळाला, जिन्याला लागून असलेलं घर जळालं. आणि आज साहेब पाहणीला आले होते, इस्त्रीच्या शर्टात.

“बाई, हात काढा. लोड जास्त होता. वर शिलाईची मशीनं चालतात—”

“शिंपिणीच्या घरात शिलाईचं मशीन नाही तर काय रणगाडा चालणार?”

“सुरे, सोड त्याला,” वरून टाचणीचा आवाज आला. आवाज कालच्या रडण्याने फाटलेला होता. “पैलवान हलतोय. आधी त्याचं बघू. ह्याला नंतर मार.”

सुरीने कॉलर सोडली. शर्टावर तिच्या पाच बोटांची काजळी उमटली. ती बघून तिला जरा बरं वाटलं, आणि ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

घर टाचणीचं होतं. शाळेत असताना ती इतकी बारीक होती की मास्तरांनीच तिचं नाव टाचणी ठेवलं, आणि पुढे ती शिंपीण झाल्यावर ते नाव कायमचं चिकटलं. सुरी तिच्याच बाकावरची. ती आता बाजारात मासे विकायची. गिऱ्हाइकाने पाण्यातला जिवंत मासा बोटाने दाखवायचा, आणि त्याने पिशवी उघडेपर्यंत सुरीने तो मारून, खवलं काढून, पोट साफ करून ठेवलेला असायचा. तिसरा त्याच वर्गातला, फिटर. नळ, पाईप, मोऱ्या हा त्याचा धंदा, आणि या दोघींच्या शिव्या खाणं हा दुसरा. आज तो आपली हत्यारांची पिशवी आणि नळीची गुंडाळी घेऊन सकाळपासून इथे होता.

घर म्हणजे आता भिंती होत्या. बाहेरच्या खोलीत शिलाईची मशीनं काळ्या सांगाड्यांसारखी उभी होती. एकाच्या सुईखाली अजून कुणाच्या तरी बाहीचा जळका तुकडा होता. छताचं प्लॅस्टर सोलून खाली पडलं होतं. पायाखाली काच, राख आणि बंबाचं पाणी यांचा चिखल. भिंतीला हात लावला तर ती अजून कोमट लागायची, ताप उतरत नसलेल्या माणसासारखी.

आतल्या खोलीत लोखंडी स्टँडवर माशांची काचेची टाकी होती. ती तेवढी शाबूत होती, आणि ती शाबूत का होती हे सुरीला आठवलं की तिचे दात एकमेकांवर घासायचे. टाकी टाचणीच्या बाबांची. बाबांनी जन्मभर ट्रक चालवला, आणि पाय थकल्यावर ते या टाकीसमोर खुर्ची टाकून बसले ते बसलेच. काल दुपारी आग आत शिरली तेव्हा टाचणी कपडे पोचवायला गेली होती. शेजाऱ्यांनी दार फोडलं तर म्हातारा जमिनीवर. त्याने अंगावरची चादर काढली होती, बादलीत बुडवली होती, आणि स्वतःच्या डोक्यावर घ्यायची सोडून ती टाकीवर टाकली होती.

आता ते इस्पितळात होते, तोंडावर मास्क. छाती आतून भाजली होती. सकाळी नर्सने मास्क घटकाभर उचलला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, “पैलवान?” डॉक्टर टाचणीला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, दुपारी या, जे बोलायचं असेल ते बोलून घ्या.

म्हणजे दुपारी जाऊन तिला एका शब्दाचं उत्तर द्यायचं होतं. आणि टाचणीला खोटं बोलता यायचं नाही. मापं घेताना ‘तुम्ही बारीक झालात हो’ एवढंसुद्धा तिच्या तोंडून निघायचं नाही, त्यापायी निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती.

सुरीने चादर पूर्ण बाजूला केली. पाणी काळं होतं. वर राखेची साय, आणि सायीत बारके मासे पोट वर करून पडलेले. भिंतीच्या बाजूचे तर शिजले होते. खाली कोपऱ्यात, दगडाच्या आडोशाला, पैलवान होता. वीतभर लांब, लालसर, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. बाबांनी तो नखाएवढा असताना आणला होता. टाकीतल्या कित्येक माशांचे त्याने पर तोडले होते, आणि बाबा सोडून जो कोणी पाण्यात हात घालेल त्याला तो चावायचा. फिटरच्या अंगठ्यावर अजून वण होता.

“कल्ले हलताहेत,” सुरी म्हणाली. “पण दम लागलाय त्याला. हवा संपलीय पाण्यातली.”

“काचेला तडा गेलाय,” फिटर म्हणाला. त्याने बोट लावून दाखवलं. वरच्या कडेपासून तिरपी रेघ निम्म्यापर्यंत आली होती आणि तिच्यातून पाणी पाझरत होतं. “टाकी उचलायची नाही. आधी नळीने पाणी उतरवायचं, मग मासा खोक्यात.”

खोका सुरीचा होता. थर्माकोलचा, बाजारातला. तिने तो साबणाने धुऊन, परत धुऊन आणला होता, तरी वास जात नव्हता.

“या खोक्यात घालायचा?” फिटर म्हणाला. “त्याला वाटेल आपला नंबर आला.”

“तू नळी ओढ तोंडाने. घाण पाणी ओढण्यात तुझा जन्म गेला, आज काय नखरे?”

“भांडा,” टाचणी दारातून म्हणाली. तिच्या हातात शेजारून आणलेल्या, माशाला चालेल अशा शिळ्या पाण्याची बादली होती. “आवाज अडवायला दारं-खिडक्या नाहीतच आता. खालच्या साहेबालाही ऐकू दे.”

ती हसली. कालपासून पहिल्यांदा. बादली आत ठेवून ती दुसरी आणायला वळली.

फिटरने नळी टाकीत सोडली, ओढली, थुंकला. काळं पाणी मोरीकडे धावू लागलं. पाणी उतरेल तसा पैलवान दिसायला लागला. एका बाजूची खवलं करपली होती, पण डोळा ताठ होता. सुरी गुडघ्यावर बसून त्याच्याकडे बघत होती. तिने आयुष्यात किती मासे बघितले असतील, त्याला गणती नाही. पण हा मासा तिच्याकडे बघत होता, आणि बाजारात तिच्याकडे कुणी मासा बघत नसे. तेवढा वेळच ती देत नसे.

“थोडं राहिलं,” फिटर म्हणाला. “तू हात तयार ठेव.”

काच कडकन वाजली.

तड्याची रेघ सरळ खाली गेली आणि समोरची अख्खी काच बाहेर कोसळली. पाणी सुरीच्या छातीवर आदळलं. काचेचा एक तुकडा फिटरच्या कोपराखाली घुसला आणि रक्त मनगटापर्यंत आलं. तो ओरडला नाही, नुसता भिंतीला टेकला. त्याची पिशवी उलटली आणि हत्यारं चिखलात विखुरली. पैलवान त्या चिखलात पडला होता आणि उसळत होता. काचांवर आपटत होता. एकदा हातभर उंच उडाला आणि जळक्या पलंगाखाली सरकू लागला.

सुरीने झेप घेतली. गुडघ्यात काच गेली, तिला कळलं नाही. तिचा डावा हात पलंगाखाली गेला, अंगठा कल्ल्यात रुतला, पकड बसली. पैलवान तिच्या मनगटाला चावला. त्याने जोर लावला. भलताच जोर होता त्याच्यात. एवढा धूर पिऊन, एवढं शिजून, त्याच्यात हा जोर होता. तिने त्याला बाहेर ओढला, जमिनीवर दाबला, आणि तिच्या उजव्या हाताला फिटरचा पाना लागला.

घाव एकच बसला. डोळ्यांच्या जरा मागे, जिथे बसायला हवा तिथे. तिला दुसरा कधी लागत नसे, बाजारात तिची तशी ख्यातीच होती.

पैलवान ताठला. मग ती बारीक थरथर आली, शेपटीकडून डोक्याकडे, जी तिला झोपेतही ओळखता आली असती. तिचा अंगठा पोटावरून खाली सरकला होता, चीर कुठून द्यायची ते चाचपत. तिथे तो थांबला.

खोलीत नळीतून उरलंसुरलं पाणी गळायचा आवाज येत होता.

“सुरे,” फिटर म्हणाला. “काय केलंस?”

तिने हातातल्या पान्याकडे पाहिलं. पाना तिने उचलला होता असं तिला वाटत नव्हतं. तिचे हात उसळणाऱ्या माशाचं एकच करायचे. बाजूला पाणी भरलेली बादली होती, हातभर अंतरावर.

टाचणी दारात उभी होती. कधीपासून, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

“बाजारात मिळतो असा,” फिटर घाईघाईने म्हणाला. कोपरातून रक्त टपकत होतं त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. “टेंगूळवाला, लाल. मी आत्ता जाऊन आणतो. काकांना कुठे बघायला मिळणार आहे? नुसतं सांगायचंय, आहे म्हणून.”

“गप बस,” सुरी म्हणाली.

“अगं पण—”

“गप बस म्हटलं ना.”

टाचणीने दुसरी बादली खाली ठेवली, सांडणार नाही अशी. ती आली, चिखलात उकिडवी बसली, आणि सुरीच्या बोटांतून तिने पैलवान सोडवून घेतला. एकेक बोट उचलावं लागलं. पानाही घेतला आणि बाजूला ठेवला. सुरीच्या मनगटावर दातांची चंद्रकोर उठली होती, त्यातून रक्ताचे ठिपके येत होते. टाचणीने त्यावर अंगठा दाबला, थोडा वेळ.

“मार मला,” सुरी म्हणाली. “टाचणे, मार. पण अशी बसू नकोस.”

टाचणी उठली. मासा दोन्ही हातांत आडवा धरून ती बाहेरच्या खोलीतून गेली, मशीनांमधून, आणि जिना उतरू लागली. सुरी मागे धावली. गुडघा आता दुखायला लागला होता.

साहेब मीटरपेटीपाशीच होता. तो वायरमनना काहीतरी समजावत होता आणि ते माना हलवत होते. टाचणी समोर आली तशी त्याने आधी कॉलर सांभाळली.

तिने पैलवानाला पेटीच्या वाकलेल्या झाकणावर ठेवलं.

“हा पण तुमचा,” ती म्हणाली. “घर झालं, बाबा झाले. हाही आगीत गेला. तुमच्या पाहणीत बसवा कुठे बसत असेल तर.”

साहेब वाकला. तिरस्काराने नव्हे, त्याने नीट पाहिलं. बोटाने माशाचं डोकं किंचित वळवलं. त्याचं बोट लाल झालं.

“बाई,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यापेक्षा मोकळा होता. “हा आगीत नाही मेला. कालचा असता तर रक्त सुकलं असतं. हे ताजं आहे. कवटी फुटलीय, कुणीतरी घाव घातलाय.”

“आगीत गेला,” टाचणी म्हणाली.

“अहो, दिसतंय ना. ह्याला मारलंय.”

वायरमनपैकी एकाने वर पाहिलं. मग दुसऱ्याने. मग साहेबानेही. जिन्याच्या वरच्या वळणावर सुरी उभी होती, आणि तिच्या डाव्या हाताला लाल खवलं चिकटली होती. तो हात तिने पाठीमागे नेला नाही. पुढेही केला नाही.

साहेब तिच्या हाताकडे बघत राहिला. त्याच्या शर्टावरची पाच बोटं अजून तशीच होती. मघाशी ही बाई त्याला विचारत होती आणि तो सांगत होता, लोड जास्त होता. सुरीच्या घशाशी आलेलं वाक्यही तसंच होतं, तेवढ्याच लांबीचं. माझ्या हातांना सवय आहे. ते तिने गिळलं. त्याच्या जागी दुसरं वाक्य तिला शोधायचं होतं, आणि ते ओठांवर येत नव्हतं.

“मारलंय म्हणता ना?” टाचणी म्हणाली. तिची पाठ सुरीकडे होती आणि ती वळली नाही. तिने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. “मग सांगा. मला आत्ता इस्पितळात जायचंय. बाबा विचारणार, आणि मी त्यांना काय सांगू?”

साहेबाने लाल झालेलं बोट पँटला पुसलं.

“सांगा ना,” टाचणी म्हणाली, आता हळू, समोरच्या माणसाला ऐकू जाईल की नाही इतकं हळू. “कुणी मारला?”