बाहेरून येणाऱ्या पैशांचा कोड

रंगाऱ्याच्या परदेशातल्या लेकीनं त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे पाठवले, त्याला आठवडा उलटला. खात्यात दमडी नाही. शेवटी तो पासबुक घेऊन बँकेत गेला आणि पाच मिनिटांत त्याच्या डोक्याचा भुगा झाला.

"काका, मुलीला हा पासबुकावरचा कोड दिलात? हा देशातल्या देशात चालतो," कॅशियरबाई म्हणाल्या. "बाहेरून येणाऱ्या पैशांना वेगळा लागतो."

"मग तो द्या."

"आमच्या शाखेला नाहीच. मोठ्या शाखेचा टाकायचा."

"पण खातं तर इथं आहे माझं."

"पैसे इथंच येणार. तिथून."

"इथंच यायचे तर तिथला कोड कशाला?"

बाईंनी सुस्कारा सोडला. "कोड चुकला की पैसे परत जातात, एवढं लक्षात ठेवा."

तेवढं मात्र त्याला नेमकं कळलं. लेकीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा याचं डोकं फिरलं होतं. तिनं तिकडून पाठवलेलं पहिलं पार्सल यानं न उघडताच परत धाडलं होतं. तेव्हापासून ती फक्त आईशी बोलायची; पासबुकावरचा कोडही आईनंच कळवला होता. आता पैसेही परत गेले तर ती काय समजेल, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

गुडघा ओढत तो बसनं मोठ्या शाखेत पोचला. तिथल्या साहेबांनी चिठ्ठीवर कोड लिहून दिला. पण पैसे सध्या कुठं आहेत, ते त्यांनाही दिसेना. मधे म्हणे आणखी एक बँक असते, तिचा कोड निराळाच. यांना सरळ बोलायचा पगार मिळत नाही की काय, कोण जाणे. कोण कुणाच्या मधे, काही टाळकं चालेना. चिठ्ठी मुठीत धरून तो बाकावर बसून राहिला.

फोन वाजला. लेकीचा.

"पैसे परत आले." आवाज कोरडा ठणठणीत.

"मी नाही गं पाठवले," तो घाईघाईनं म्हणाला. "शप्पथ. कोड चुकला. मी इथं बँकेतच बसलोय."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला. मग, "बरोबर कोणता? सांगा, लिहून घेते."

त्यानं एकेक अक्षर सांगितलं. तिनं उतरवून घेतलं. कोड संपला. आता ती फोन ठेवणार, आणि याला तर दुसरं काही सुचेना.

"पुन्हा सांगतो हं," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"सावकाश सांगा, बाबा."