फाट्यावरची मोजदाद

आमचं गाव रस्त्याच्या अल्याड आणि शेतं पल्याड. मध्य प्रदेशातून जालन्याकडे जाणारा हा रस्ता आता चौपदरी होणार, मधे दुभाजक येणार. फाट्यावर खालून बोगदा द्यायचा की नाही, ते दिवसभरात किती माणसं-ढोरं रस्ता ओलांडतात त्यावर ठरणार होतं. बोगदा नसला तर माझ्या दोन एकरांत जायला बैलगाडीनं चार किलोमीटरचा वळसा.

मोजायला माणसं येणार कळताच सरपंच गोकुळभाऊंनी दवंडी दिली, "साहेब लोक येऊन राह्यले! रस्त्यावर एक ढोर दिसू नये!"

पाहुणा आला की आम्ही आधी पसारा लपवतो. सगळं गाव घरात बसलं. मीही बैल गोठ्यातच ठेवले, मोठी शहाणी.

संध्याकाळी फाट्यावर गेले, तर निंबाखाली खुर्ची टाकून बसलेली, मोजायला आलेली चिखलीची पायल वही मिटत होती.

"किती भरले व माय?"

"सात, मावशी. कुत्रे धरले असते तर अकरा."

मी तिच्या खुर्चीशेजारी खाली टेकले. खरं काय ते सगळं सांगितलं. ती हसली, मग तिनं साहेबांना फोन लावला आणि तो ठेवून मला म्हणाली, "उद्या परत बसतो म्हणलं. पण खोटी रेघ मारणार नाही हां."

दुसऱ्या दिवशी दवंडी उलटी. गोकुळभाऊ तर एकच बोकड घेऊन तिसऱ्यांदा निघाले.

"ओ सरपंच, या बोकडाले मी ओळखतो आता!" पायल खुर्चीतून ओरडली.

"काऊन? त्याले पल्याड काम नसन का?"

"त्याले असन. तुम्हाले नाही."

सगळे हसले, भाऊसुद्धा. मग नाटक संपलं आणि रोजचं सुरू झालं. हरभरा सोंगायला निघालेल्या बाया, शाळेची पोरं, दुधाच्या कॅन, बकऱ्यांचे कळप. पायलनं जेवतानाही डाव्या हातानं रेघा ओढल्या.

दिवेलागणीला मी कडब्याची गाडी घेऊन परतले, तर तिनं हात करून गाडी थांबवली.

"मावशी, आकडा भरला. वर पुरून उरला."

"म्हणजे बोगदा होते?"

"मी तर तसंच लिहून देतो. पण उंची किती पाह्यजे, तेही लिहा लागते. तुम्ही वरच बसा, हलू नका."

तिनं टेप काढला आणि चाकावर पाय देऊन वर चढू लागली. मी कडब्यावर ताठ बसले. मग पदर डोक्यावर घेतला आणि आणखी थोडी ताठ बसले.