फोटोसाठीचं हेल्मेट

वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीमागे बसून मी दिवसभर लोकांचा राग ऐकते. ऐकून घेणं हेच माझं काम, आणि ते मी पगारापुरतं चोख करते. त्यामुळे माझा स्वतःचा राग आठवडाभर साठत जातो आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांच्या वाट्याला येतो, असं आमच्या दादाचं म्हणणं आहे. पण त्या दिवशी विमान-संग्रहालयात मी जो आवाज चढवला, त्याचा या साठ्याशी काडीचाही संबंध नव्हता. तो राग जागच्या जागी, ताजा तयार झालेला होता.

आधी बाबांच्या हेल्मेटबद्दल सांगायला हवं. जंगलात वणवा लागला की त्यावर वरून पाणी ओतणारं एक छोटं विमान असतं, ते बाबा चालवायचे. त्यांचं हेल्मेट पांढरं होतं, मधोमध निळा पट्टा. बाबांचं डोकं होतं लहान, त्यामुळे ते आत डुगडुगायचं. कंपनीकडे लहान मापाचं मागितलं तर साहेब म्हणाले, डोकं मोठं करा. मग आईनं माझं तान्हेपणीचं झबलं कापलं, त्याच्या घड्या घालून जाडसर अस्तर केलं आणि आतून शिवून टाकलं. झबल्यावर पिवळी बदकं होती. म्हणजे आमचे बाबा आयुष्यभर आगीवरून उडले ते डोक्यावर बदकं घेऊन. बरोबरचे लोक यथेच्छ टिंगल करायचे, पण बाबांनी अस्तर काढलं नाही.

घरी आल्यावर चहाच्याही आधी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेल्मेट पुसायला बसायचे. धुराचा एक डाग राहू द्यायचे नाहीत. "हेल्मेटला झळ लागली म्हणजे वैमानिक नको तिथे गेला होता," असं म्हणायचे. दुसरे लोक आपापले डाग मिरवायचे आणि बाबा आपलं कोरं हेल्मेट. नोकरी संपली तेव्हाही त्यावर ओरखडा नव्हता. पुढे ते घरीच, आपल्या अंथरुणात, न्यूमोनियानं गेले. पुसायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं. दर रविवारी मेणाचं पॉलिश, मऊ फडकं, आणि कोणी मध्ये बोलायचं नाही. पण मग तिची बोटं आखडायला लागली. बरणीचं झाकण उघडेना, फडकं धरता येईना. तेव्हा ती एक दिवस म्हणाली, "आता हे कोणीतरी नीट सांभाळणाऱ्याकडे द्यायला हवं."

नेमकं त्याच सुमारास जुन्या धावपट्टीवरच्या शेडमध्ये हे संग्रहालय निघालं. त्याचे संचालक स्वतः घरी आले. उन्हाळा असूनही अंगात चामड्याचं जाकीट. बँकेतून निवृत्त झालेले, विमानांचा भारी नाद. चहा घेतला, आईचा हात हातात धरला आणि म्हणाले, "काकू, काचेच्या कपाटात ठेवू. नावासकट. आमचा माणूस रोज पुसेल." आईनं एकच अट घातली, की कोणाला हात लावू द्यायचा नाही. "छे छे, हात कसला!" असं म्हणत त्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या. आईनं हेल्मेट उशीच्या अभ्र्यात गुंडाळून त्यांच्या हवाली केलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

संग्रहालय उघडल्यावर आम्ही बघायला गेलो. आई, मी, दादा आणि दादाची मुलगी. आईनं इस्त्रीचे कपडे घातले होते, माझ्याकडून केस नीट बसवून घेतले होते, आणि गाडीत ती कोणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी ताठ बसली होती.

शेडमध्ये तेलाचा आणि फिनाइलचा वास कोंडला होता. फवारणीचं एक विमान, हवा गेलेल्या चाकांवर बसलेलं. लाकडी घोडीवर ठेवलेलं इंजिन. छताचे पंखे इतके जुने होते आणि इतके सावकाश फिरत होते की तेही प्रदर्शनातलेच वाटत होते. आई कशाकडेही न बघता सरळ भिंतीजवळच्या काचेच्या कपाटाकडे गेली. वर बाबांचं नाव होतं, खाली लिहिलं होतं, "वणव्याशी झुंजणाऱ्या वीराचे हेल्मेट. ज्वाळांच्या खुणा आजही स्पष्ट दिसतात." आणि आत एक हेल्मेट होतं. पांढरं, निळ्या पट्ट्याचं, एका बाजूनं काळंकुट्ट झालेलं, ठिकठिकाणी पोचे आलेलं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे ह्यांचं नाही."

दादा दातांचा डॉक्टर आहे. जन्मभर लोकांना 'काही दुखणार नाही' असं सांगून त्याला एक आवाज लागलाय, तो आवाज त्यानं काढला. "आई, काचेमुळे तसं वाटतं. वरून दिवा बघ ना कसा पडलाय."

"दिव्यानं काळं होतं का?"

"अगं, जुनी वस्तू आहे. होतं असं."

"माझ्याकडे इतकी वर्षं होतं तेव्हा झालं नाही. इथं आल्यावर झालं?"

दादानं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, म्हणजे आईचं वय झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईनं दर रविवारी ते हेल्मेट मांडीवर घेतलं, तिला ते ओळखता येत नाही, आणि ज्यानं कधी फडकं उचलून दिलं नाही तो तिला दिव्याबद्दल सांगतोय! पण मी काही बोलायच्या आत पलीकडून भाचीची हाक आली.

तिकडे फोटोचा कोपरा केला होता. पुठ्ठ्याचं विमान, मागे रंगवलेले ढग, शेजारी एक वेताची टोपली. लोक रांगेनं यायचे, टोपलीतलं हेल्मेट डोक्यावर चढवायचे, अंगठा दाखवायचे, आणि फोटोवाला क्लिक करायचा. एका पोराचे हात आइस्क्रीमनं बरबटले होते. एकानं आपल्या भावाच्या डोक्यावरचं हेल्मेट दार ठोठावावं तसं ठोठावलं. मग आमच्या भाचीचा नंबर आला. तिनं हेल्मेट उलटं करून आत बघितलं आणि ओरडली, "आत्या, याच्यात बदकं आहेत!"

मी धावलेच. पिवळी, विटलेली, आईच्या बारीक टाक्यांनी शिवलेली बदकं. बाहेरून पांढरंशुभ्र, फक्त आता त्यावर गावभरच्या बोटांचे ठसे. हात लावू देणार नाही म्हणून कानाच्या पाळ्या धरल्या होत्या, आणि इथे हात लावायला रांग लागली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोण आहे इथला जबाबदार माणूस?" मी विचारलं. माझ्या खिडकीवर येणारे लोक हेच वाक्य ज्या पट्टीत विचारतात, त्याच पट्टीत.

जाकीटवाले आलेच. मागे पाच-सात पाहुण्यांचा घोळका, त्यांना ते संग्रहालय दाखवत होते. मला बाजूला घेत हसून म्हणाले, "मॅडम, तुमचा गैरसमज होतोय. अस्सल कपाटात आहे. हे नाटकवाल्यांनी दिलेलं, वणव्याच्या नाटकात वापरलेलं, फोटोसाठीचं."

मी हेल्मेट उलटं करून त्यांच्या नाकासमोर धरलं. "नाटकवाले माझं झबलं कुठून आणणार?"

त्यांनी आत बघितलं. अस्तर चिमटीत धरलं. हसू हळूहळू उतरलं. मग आवाजही उतरला. "अरेच्चा... त्याचं काय झालं, दोन्ही एकाच आठवड्यात आली. एक काळवंडलेलं, एक असं चकचकीत. आमच्या माणसाला वाटलं, चकचकीत ते नाटकातलं. आगीत काम केलेलं हेल्मेट इतकं कोरं कसं असेल?"

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, हे मला तेव्हा कळलं. "म्हणजे," ती म्हणाली, "मी पुसत राहिले म्हणून?"

आईनं आपल्या वाकड्या झालेल्या बोटांकडे बघितलं आणि हात मागे घेतले. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "चूक झाली. आता कपाट उघडा, ते काढा, हे ठेवा. आत्ता."

"आत्ता कसं? पाहुणे आहेत." मग ते आणखी जवळ सरकले आणि मला फार मोठं गुपित सांगत असल्यासारखे म्हणाले, "आणि मॅडम, स्पष्टच सांगतो. लोकांना ते काळंच खरं वाटतं. त्या डागांपाशी माणसं थांबतात, डोळ्यांत पाणी आणतात. हे ठेवलं तर विचारतील, दुकानातून आणलंत का?"

"अहो, ते डाग नाटकाच्या रंगाचे आहेत! माझ्या बापाच्या नावाखाली तुम्ही रंग दाखवताय! त्यांनी जन्मभर एक डाग पडू दिला नाही, तीच त्यांची हुशारी होती, आणि तुम्ही त्यांना भाजून ठेवलंत?"

"हळू बोला ना."

मी हळू बोलले नाही. पाहुणे वळून बघायला लागले. तेव्हा या गृहस्थांनी काय करावं? माझ्या हातातून हेल्मेट घेतलं, चेहऱ्यावर पुन्हा हसू चढवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काही नाही मंडळी, जरा घोटाळा झाला ओळखण्यात! आपल्या संग्रहालयाचं अस्सल हेल्मेट तिकडे कपाटात आहे, कुलपात. हे आपलं असंच, गमतीचं. कोणीही घाला!" आणि त्यांनी ते टोपलीत टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. आवाज झाला.

दादा माझा दंड धरून म्हणाला, "चल, तमाशा नको. आपण रीतसर अर्ज करू."

"अर्ज? अरे, मी रोज अर्ज घेते. त्यांचं पुढे काय होतं ते मला विचार."

"मग काय, हिसकावून घेणार आहेस?"

आमचं असं जुंपलेलं असताना भाचीनं माझी ओढणी ओढली. "आत्या, आजी बघ."

आई रांगेत उभी होती. पुढे आइस्क्रीमवाल्या पोराचा धाकटा भाऊ, मागे कुठलंसं नवपरिणीत जोडपं, आणि मध्ये आमची आई, पर्स छातीशी धरून, नंबर येण्याची वाट बघत. घुसली नाही, कोणाला बोलली नाही. नंबर आल्यावर पुढे झाली, टोपलीतून दोन्ही हातांनी हेल्मेट उचललं, डोक्यावर घातलं. हनुवटीखालच्या पट्ट्याशी खूप झटली, पण बोटं वळेनात. तिनं मला खुणेनं बोलावलं. "पट्टा लाव."

मी लावला. तिचा चेहरा आत एवढासा दिसत होता.

"आजी, हसा ना," फोटोवाला म्हणाला.

आई हसली नाही. तरी त्यानं क्लिक केलं. मग ती पुठ्ठ्याच्या विमानाला वळसा घालून बाहेर आली, मला म्हणाली, "चला," आणि चालू लागली. इंजिनावरून, फवारणीच्या विमानावरून, तिकीट-खिडकीवरून. दारावरच्या राखणदारानं म्हातारीची हौस बघून कौतुकानं दार उघडून धरलं. आम्ही तिच्या मागोमाग. दादा 'आई, आई' करत होता, पण अडवायची त्याची छाती झाली नाही.

आम्ही गाडीपाशी पोचलो तेव्हा मागून जाकीटवाले धावत आले. "काकू! अहो काकू! ते संग्रहालयाचं आहे!"

आई वळली. "संग्रहालयाचं कपाटात आहे ना? कुलपात? आत्ताच सगळ्यांना सांगितलंत."

त्यांनी तोंड उघडलं. मागे शेडच्या दारात ते पाहुणे येऊन उभे राहिले होते, काय चाललंय ते बघायला. जाकीटवाल्यांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आईकडे.

"बोला ना," आई म्हणाली. "हे खरं आहे आणि कपाटातलं नाटकाचं, असं मोठ्यानं सांगा त्यांना. मग देते. जाऊन स्वतः कपाटात ठेवून येते."

घाम त्यांच्या कानामागून जाकिटात उतरत होता. मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की त्यांनी बोलावं. एवढंसं तर वाक्य होतं.

ते बोलले नाहीत. पाहुण्यांकडे वळून हात हलवत म्हणाले, "काही नाही, काही नाही. आजींना जरा आवडलंय, म्हटलं घेऊन जा." आणि परत गेले. कपाटावरचं बाबांचं नाव तिथेच राहिलं, त्या रंगवलेल्या डबड्यावर. तेही मी उतरवणार आहे, पण ती पुढची गोष्ट.

गाडीत आई पुढे बसली, हेल्मेट डोक्यावर तसंच. सिग्नलला शेजारच्या रिक्षातले लोक वाकून बघत होते.

"आई, काढ ना आता. उकडेल," दादा म्हणाला.

"नाही उकडत. सुती आहे आत."

थोडं पुढे गेल्यावर तिनं आरशात बघितलं. "किती बोटं उमटवलीत मेल्यांनी. रुमाल दे गं."

रुमाल दिला, पण तो तिच्या बोटांत टिकेना. मांडीवर पडला, पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मी मागच्या सीटवरून पुढे वाकले, रुमाल घेतला आणि तिच्या डोक्यावरचं हेल्मेट पुसायला लागले.

"फार चमकवू नकोस," दादा आरशातून म्हणाला. "मघाशी काय झालं बघितलंस ना?"

"चमकव," आई म्हणाली. "दाबून पूस."