फक्त पिणाऱ्यांसाठी

बाईंनी बाक स्वतःकडे ओढला. तो हलला नाही. पहिलीच्या पोरांचा बाक, जमिनीला स्क्रूनं जखडलेला. तेव्हा त्यांनीच अंग चोरलं, गुडघे फळीखाली कोंबले आणि ही जागा आपणच निवडली अशा थाटात मान ताठ करून बसल्या.

दुपारी शाळा सुटली की त्या वर्गात दारू सोडणाऱ्यांची बैठक भरायची. पत्ता डॉक्टरांनी दिला होता, बाईंच्या मुलासाठी. मुलानं चिठ्ठी न वाचताच परत सरकवली. "एवढी हौस आहे तर तूच जा." घराच्या खालीच बाईंचं शिवणाचं दुकान, चार मशिनी, चार मुली. मुली पाठीमागे त्यांना कात्री म्हणत. कात्रीला कुणी 'तूच जा' म्हटलं, तर ती जाणारच.

दारात एका वायरमननं अडवलं होतं. बैठक तोच चालवायचा. खिशात टेस्टर, आवाज मऊ.

"मावशी, ही बैठक फक्त पिणाऱ्यांची. घरच्यांची शनिवारी असते."

"घरच्यांना काय देता तिथे?"

"देत काही नाही. बोलतात. मन हलकं होतं."

मन हलकं करायला बाई आल्या नव्हत्या. खरा उपाय हे लोक पिणाऱ्यांनाच सांगत असणार, घरच्यांच्या हाती नुसते रुमाल, अशी त्यांची खात्री होती.

"मग मी पिणारीच," त्या म्हणाल्या. उभ्या जन्मात ओठांना थेंब लागला नव्हता. वायरमननं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि तो बाजूला झाला.

आता त्यानं छापील कागद पुढे केला. नव्या माणसासाठी त्यावर प्रश्न होते. बाईंची शाळा दुसरीतच संपलेली. त्यांनी कागद हातभर लांब धरला.

"चष्मा विसरले."

"मी वाचतो. हो किंवा नाही, एवढंच सांगा."

बाकीचे सात-आठ जण चहाचे कप घेऊन बसले होते. त्यातला एक जाडा ड्रायव्हर शेजारच्याला म्हणाला, "मावशी आपल्या सगळ्यांना पुरून उरणार."

"तुला पुरायला खड्डा केवढा लागेल, ते बघ आधी."

वर्ग हसला. खोटं निभून जाईल, असं बाईंना वाटलं.

"घरच्यांपासून बाटली लपवता?"

कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवायच्या त्या, सुनेला दिसू नये म्हणून. "हो."

"तिच्यापायी कामाच्या ठिकाणी खोटं बोललात?"

मुलाच्या फोरमनला त्यांनी इतक्यांदा ताप कळवला होता की शेवटी तोच म्हणाला, आता बरा झाला तरी पाठवू नका. "हो."

"ओळखीचं दुकान टाळून लांबून आणता?"

दोन बस बदलून. पोरानं रस्त्यात झोकांड्या खाण्यापेक्षा माडीवर बसून प्यावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. "हो." हा हो जरा हळू आला.

"सकाळी डोळे उघडले की पहिला विचार तिचाच?"

किती उरली ते बघूनच त्या चहाला आधण ठेवायच्या. बाईंनी नुसती मान डोलावली.

"तिच्यापायी जवळचं कुणी तुटलं?"

फळीवर कुणा पोरानं रेघ कोरली होती. बाई तिच्यावरून नख फिरवत राहिल्या.

"सून गेली. नातीला घेऊन गेली." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "बाटली कोण आणतं, ते तिला कळलं होतं. मीच म्हटलं, पटत नसेल तर निघ."

वायरमननं कागदाची घडी घातली. उरलेले प्रश्न त्यानं विचारले नाहीत.

बैठक संपल्यावर तो फाटकापर्यंत सोबत आला.

"मावशी, तुम्ही थेंबही घेतलेला नाही कधी."

"कशावरून?"

"पहिल्या दिवशी आम्ही सगळे नाही-नाहीच म्हणालो होतो. एवढं खरं इथे कुणी बोलत नाही."

बाईंनी फाटकाची कडी काढली. 

"मग शनिवारी येऊ?"

"शनिवारी या. वाटलं तर या बैठकीलाही या."

त्या सरळ घरी आल्या. मुलगा माडीवर खाटेच्या कडेला बसून होता. त्यानं आधी त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आणलीस?"

"नाही."

"विसरलीस?"

"नाही."

तो ओरडला नाही. त्यानं खुंटीवरचा शर्ट ओढला आणि बटणं लावायला घेतली. वरचं बटण खालच्या काजात गेलं. चाळीस वर्षं बाईंनी काजं-बटणं केली होती. हात आपसूक उठले. खाटेवर टेकून त्यांनी ते मांड्यांखाली दाबून धरले.

"आई, खाली मुली बसल्यात."

"दार तेवढंच आहे."

जिन्याच्या तोंडाशी तो थोडा थांबला. मग भिंतीला धरून उतरू लागला. खाली चारही मशिनी चालू होत्या. एक थांबली. मग दुसरी. मग उरलेल्या दोन्ही एकदम. रस्त्याकडचं दार उघडलं आणि लागलं.

बराच वेळ कुणी मशीन चालू केली नाही. बाईंनीही वरून विचारलं नाही, काय गं, हात लुळे पडले का सगळ्यांचे.