दहाच्या दिशेचा मासा

सासरे होडीच्या मागच्या टोकाला बांबू रेटत उभे असतात आणि मी पुढे गळ घेऊन. होडीचं नाक म्हणजे बारा, असं धरून ते घड्याळाच्या काट्यांवर दिशा सांगतात. हिवाळ्यात खाडीचं उथळ पाणी नितळ होतं आणि मासे उन्हाला तळाशी सुस्त पडून राहतात. मासा आधी बघायचा, मग त्याच्या पुढ्यात अलगद आमिष टाकायचं. हे मला सात जन्मांत जमणार नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

"जावईबापू, दहाच्या दिशेला बघा. चांगला मोठा आहे. आता तरी नीट टाका."

मी टाकलं. काहीच हललं नाही.

"डोक्यात घातलंत त्याच्या. माझ्या पोरीनं तुमच्यात काय पाहिलं, देव जाणे."

होडी पुढे सरकल्यावर मी वाकून पाहिलं. चिखलात जुना टायर रुतला होता. दोनच्या दिशेला मात्र तीन मासे केव्हाचे पडून होते. त्यांच्यावरून सासऱ्यांची नजर सरळ निघून गेली.

मी सांगायला तोंड उघडलं.

"पळवलात ना?" ते म्हणाले.

"पळाला, बाबा. माझंच चुकलं."

घरी त्यांनी सगळ्यांसमोर माझा उद्धार केला. बायकोही हसली. मी आणखी थोडा भात वाढून घेतला.

आता दर रविवारी मीच त्यांना आग्रहाने नेतो. त्या टायरवर माझा हात चांगलाच बसलाय.