घरातली एकच पक्की प्रार्थना

चारचौघांत उभं राहून बोलणं माझ्या रक्तात नाही. पडद्यांच्या दुकानात शिवणयंत्रावर बसते, तिथेही गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की मी मालकाला पुढे करते. पण त्या रविवारी चर्चमध्ये उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला देवाच्या कृपेची साक्ष द्यायची आहे का, आणि मी उभी राहिले. माझ्या नवऱ्याच्या पोटातली गाठ ऑपरेशननं निघाली, तपासणीत आता काही उरलेलं नाही, देवानं माझं ऐकलं, असं सांगितलं. मध्येच रडले, नाक पुसलं, पुन्हा सांगितलं. सगळी मंडळी मोठ्यानं आमेन म्हणाली. आमचे हे माझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, भरून आलंय बिचाऱ्यांना.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. मंडळीत थट्टा चालते, की पाळक वर जायचा रस्ता नुसता सांगतात, हे प्रत्यक्ष नेऊन सोडतात. साक्षीनंतर थोड्याच दिवसांनी एका इमारतीत काम करता करता हे चक्कर येऊन पडले. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच आपल्या हातात आहे. मी म्हणाले, अहो, पण रिपोर्ट तर चांगले आले होते. मग त्यांनी सावकाश सांगितलं, की आजार यकृतात पसरलाय हे ऑपरेशननंतरच ह्यांच्या कानावर घातलं होतं. बरोबर पाळकही होते.

रिपोर्ट घ्यायच्या दिवशी मी दुकानात होते. एका हॉटेलचे पडदे द्यायचे होते. पाळकसाहेबच म्हणाले होते, तुम्ही रजा घेऊ नका ताई, मी जातो यांच्याबरोबर. संध्याकाळी दोघं हसत घरी आले. मी चहा टाकला. पाळकसाहेबांनी माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून आभाराची प्रार्थना केली, आणि तिथपासून दोघांची अळीमिळी गुपचिळी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

खोटं माणसं बोलतातच. मीही बोलते, पडदा आखूड झाला की कापड आटलं म्हणून सांगते. पण मी रोज संध्याकाळी ह्यांचा हात धरून बरं केल्याबद्दल देवाचे आभार मानत होते, आणि हे रोज आमेन म्हणत होते. ते मला गिळवत नव्हतं.

ह्यांना घरी आणल्यावर पाळकसाहेब भेटायला आले. मी त्यांना दारातच गाठलं आणि असं का केलंत म्हणून विचारलं. चेहरा पडला होता त्यांचा, पण खोटं बोलले नाहीत.

"ताई, आम्हा दोघांना कळलं आणि तिथेच आमची प्रार्थना डळमळली," ते म्हणाले. "तुमची तशी नव्हती. म्हटलं, घरात एक तरी पक्की प्रार्थना राहू दे. काय सांगावं, तिनंच काम झालं असतं."

म्हणजे मला अंधारात ठेवून देवाला गाठायचा बेत होता. बाईला काही कळू दिलं नाही की तिची प्रार्थना जास्त लागू पडते, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, मी विचारलं. आणि नसतं काम झालं तर? ते सोडून ते हलक्या आवाजात म्हणाले, एवढ्यात मंडळीत काही बोलू नका, नव्यानं आलेल्यांचा विश्वास ढळेल.

"माझा ढळला तर चालतो?"

येत्या रविवारी माझी साक्ष खरी नव्हती हे तुम्ही सांगा, नाहीतर मी उठून सांगेन, असं मी बजावलं. उभं राहायची भीड आता चेपली होती. त्यांनी सांगितलं म्हणे, पण दोन वाक्यांत उरकलं आणि लगेच गायच्या गीताचा क्रमांक सांगितला.

ह्यांच्याशी भांडायची मात्र सोय नव्हती. हाडं वर आलेल्या माणसाला काय बोलायचं? तरी बोललेच. सगळं ऐकून घेतल्यावर हे म्हणाले, "तू प्रार्थना करायचीस ना, तेव्हा वाटायचं डॉक्टरच चुकले असतील. तेवढा वेळ मी बरा असायचो."

"माझ्या जिवावर बरे असायचात," मी म्हणाले आणि चादर बदलायला घेतली.

त्यानंतर मी ह्यांचं सगळं केलं. अंग पुसलं, कूस बदलली, औषध चमच्यानं पाजलं. प्रार्थना तेवढी केली नाही. संध्याकाळ झाली की हे माझ्याकडे बघायचे आणि मी भांडी घासायला उठायचे. असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी औषधही पोटात ठरेना. ह्यांनी माझा पदर धरला आणि म्हणाले, आज कर.

"खोटी येणार नाही मला."

"खरी कर."

मी खाटेच्या कडेला बसले. डोळे मिटले नाहीत.

"देवा," मी म्हणाले, "हे खोटं बोलले. पाळक खोटं बोलले. पण ठाऊक तुलाही होतं. मी रोज तुझे आभार मानत होते आणि तू खुशाल ऐकून घेत होतास. बरं करायचं नव्हतं तर नव्हतं, तुझी मर्जी. पण एकदा तरी माझ्या मनात शंका घालायची होतीस. सगळ्या मंडळीसमोर मला तोंडघशी पाडलंस. ते आभार मी परत घेते."

हे रडत होते. हात मात्र सोडला नाही त्यांनी.

"हे फार घाबरलेत. ह्यांना एकटं सोडू नकोस. माझ्याशी वागलास तसा ह्यांच्याशी वागू नकोस."

मी पाण्याचा पेला उचलला. हे आमेन म्हणायला थांबले होते. ह्यांनी विचारलं, "झालं?"

"नाही," मी म्हणाले, "अजून पुष्कळ आहे." पाण्याचा घोट घेतला, ह्यांचेही ओठ ओले केले आणि पुन्हा बोलायला लागले.