दारी येणाऱ्याचा तुकडा

नातेलाने स्कर्ट सावरला, गुडघे टेकले आणि ती टेबलाखाली शिरली. चौतीस वर्षांची बाई! वर शेजारच्या इव्हेतबाईंना हसू आवरत नव्हतं.

“मादाम सोलांज, अगदी खरंच बसायचं इथे?”

“मग काय खोटं? सगळ्यात धाकटं माणूस खाली बसतं आणि केकचा कुठला तुकडा कुणाचा ते न बघता सांगतं. पूर्वी माझा नातू बसायचा. आता त्याला मिशा आल्या, तो कॅनडात. तूच धाकटी.”

“आणि टेबलाखालून मादाम-बिदाम चालत नाही,” फेर्नांद खाकरले. “नुसतं नाव घ्यायचं. नियम म्हणजे नियम.”

फेर्नांद म्हणजे घरमालकीण सोलांजबाईंचे भाऊ, निवृत्त स्टेशनमास्तर. वर्षभरात ‘बोंजूर’ या फ्रेंच नमस्कारापलीकडे ते तिच्याशी चार शब्द बोलले नव्हते.

वर्षभरात नातेला बरंच शिकली होती. बेकरीत पाऊल ठेवलं की आधी नमस्कार, मग पाव. पाव टेबलावर पालथा ठेवायचा नाही. गालाला गाल किती वेळा लावायचा, ते समोरच्याची मान कुठे थांबते त्यावरून ओळखायचं. एवढं करूनही रोज परीक्षेला बसल्यासारखं वाटे. तिच्या जॉर्जियात पाहुणा देवाने धाडलेला मानतात. पण देवाच्या पाहुण्यालाही वर्षभर नुसतं पाहुणाच राहून कंटाळा येतो. वसंतात कायमची परत येते, असं कालच तिने बहिणीला फोनवर सांगून टाकलं होतं.

पांढरा टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत लोंबत होता. त्यातून दुपारचं ऊन गाळून येत होतं, देवळात येतं तसं. समोर पायांचे तीन जोड. इव्हेतबाईंच्या लोकरी सपाता. सोलांजबाईंचे सुजलेले घोटे. फेर्नांदचे बूट मात्र आरशासारखे चकाकत होते. जानेवारीतल्या सणाच्या एका केकसाठी या माणसाने सकाळी बसून बुटांना पॉलिश केलं होतं. नातेला थक्क झाली. एवढी पिकली पानं, आणि लहान मुलांच्या खेळात श्वास रोखून बसली होती!

वर सुरी करकरली. बदामाचं सारण भरलेला तो गरमागरम गोल केक कापण्यापूर्वीच सोलांजबाईंनी सांगितलं होतं, एक तुकडा अवचित दारी येणाऱ्यासाठी काढायचा. ऐकताना नातेलाच्या मनात खुट्ट झालं होतं. चला, आपली सोय झाली, तोच आपला तुकडा.

“हा कुणाचा?” सोलांजबाईंनी विचारलं.

“इव्हेत!” पहिल्यांदाच नुसतं नाव. जीभ अडखळली, पण कुणी रागावलं नाही.

“हा कुणाचा?”

“फेर्नांद!” चकाकता बूट जरासा हलला.

“आणि हा?”

“दारी येणाऱ्याचा,” ती हळूच म्हणाली.

“हा?”

“सोलांज.”

झालं. ती बाहेर यायला वळली.

“हा कुणाचा?”

तिने पुन्हा पाय पाहिले. तीनच जोड. शेवटी चुकलोच आपण.

“एक जास्त कापला गेलाय, मादाम.”

वरून फेर्नांदचा आवाज आला, फलाटावर गाडी पुकारावी तसा खणखणीत.

“जास्त नाही. दारी येणाऱ्याचा मघाशीच झाकून ठेवलाय. हा घरातल्या माणसाचा आहे. नाव घे.”

सपाता, घोटे, बूट, सगळं एकदम धूसर झालं.

“नातेला,” ती म्हणाली.

“ऐकू नाही आलं,” फेर्नांद म्हणाले.

“नातेला!”

ताटली टेबलावर टेकल्याचा आवाज झाला. ती मात्र लगेच बाहेर आली नाही.

“ये गं बाई वर,” इव्हेतबाई ओरडल्या, “तुझ्यापायी आमचाही गार होतोय!”